दोनदा जिंकावा लागलेला चषक

जोतीराव फुल्यांनी 1873 साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतल्या लोकांना, गुलामांना दास्यातून सोडवण्यासाठी ज्यांनी झळ सोसली त्यांना. त्याच्या सहा वर्षं आधी, 1867 मध्ये, वॉशिंग्टन शहरात हॉवर्ड विद्यापीठ सुरू झालं होतं. नाव मिळालं ते यादवी युद्धात उजवा हात गमावलेल्या जनरल ऑलिव्हर हॉवर्ड यांचं. मुक्त झालेल्यांच्या शिक्षणाची व्यवस्था पाहणारं सरकारी खातं त्यांच्याकडे होतं. पुढे या विद्यापीठाचा आपल्या मातीशीही संबंध आला. इथले धर्मशास्त्राचे प्रमुख बेंजामिन मेज गांधीजींना भेटायला वर्ध्याला आले होते. अध्यक्ष मॉर्डेकाय जॉन्सन भारतातून परतल्यावर गांधीजींवर बोलले, आणि ते ऐकून तरुण मार्टिन ल्यूथर किंग गांधीजींची पुस्तकं शोधत निघाले.

हॉवर्डच्या इतिहासातलं एक प्रकरण मात्र आपल्याकडे जवळजवळ अपरिचित आहे. ते वर्गातलं नाही, मैदानातलं आहे. तिथल्या पुरुषांच्या फुटबॉल संघाचं. अमेरिकेत ‘फुटबॉल’ म्हणजे हातात अंडाकृती चेंडू धरून धावण्याचा खेळ. आपल्या फुटबॉलला तिथे सॉकर म्हणतात आणि साठ-सत्तरच्या दशकांत तो परदेशातून आलेल्यांचा खेळ समजला जाई. हॉवर्डमध्ये असे परदेशातून आलेले खूप होते. त्रिनिदादचे पहिले पंतप्रधान एरिक विल्यम्स यांनी इथे शिकवलं होतं, नायजेरियाचे नामदी अझिकिवे इथे शिकले होते. घाना 1957 मध्ये स्वतंत्र झाला, गिनी 1958 मध्ये, नायजेरिया 1960 मध्ये, जमैका आणि त्रिनिदाद 1962 मध्ये. नव्या देशांना इंजिनिअर, डॉक्टर, अर्थतज्ज्ञ हवे होते. ते व्हायला निघालेली पोरं बॅगेत पुस्तकांबरोबर फुटबॉलचे बूटही घालून वॉशिंग्टनला येत होती. टेड चेंबर्स यांच्या हाताखाली या संघाने 1961 मध्ये छोट्या महाविद्यालयांच्या संघटनेचं, म्हणजे एनएआयएचं, विजेतेपद मिळवलं. त्याची मोठी बातमी झाली नाही.

1970 मध्ये लिंकन फिलिप्स प्रशिक्षक म्हणून आले आणि संघाचा नूर पालटला. फिलिप्स त्रिनिदादचे गोलरक्षक. 1967 च्या पॅन अमेरिकन स्पर्धेत त्रिनिदादने कांस्यपदक घेतलं तेव्हा गोलात तेच होते. अमेरिकेत व्यावसायिक संघातून खेळता खेळता वॉशिंग्टन डार्ट्सचे ते खेळाडू-प्रशिक्षकही झाले. हॉवर्डमध्ये त्यांच्या हाती आलेला संघ एका भाषेचा, एका शैलीचा नव्हता. कॅरिबियन बेटांवरचा खेळाडू चेंडू पायात खेळवतो, समोरच्याला हुलकावणी देण्यात त्याला सुख. पश्चिम आफ्रिकेतून आलेल्याचा खेळ वेगळा, गिनीतून आलेला तर फ्रेंच बोलत वाढलेला. या सगळ्यांना एका चालीत बसवायचं, आणि तेही त्यांची हौस न मारता, हे फिलिप्स यांचं खरं काम. गोलरक्षकाला अख्खं मैदान समोर दिसतं, त्याचा या कामात उपयोग झाला असणार असं मला वाटतं.

काळही विसरून चालणार नाही. मार्च 1968 मध्ये हॉवर्डच्या विद्यार्थ्यांनी प्रशासनाची इमारत ताब्यात घेतली होती. कृष्णवर्णीयांच्या विद्यापीठात कृष्णवर्णीयांचा इतिहास, विचार नीट शिकवा, ही त्यांची मागणी. पुढच्याच महिन्यात किंग यांची हत्या झाली आणि वॉशिंग्टनच्या वस्त्या जळाल्या. त्या धगीतून नुकत्याच बाहेर पडलेल्या आवारात हा संघ सराव करत होता.

समोर होतं सेंट लुईस विद्यापीठ. हा संघ समजून घेतल्याशिवाय हॉवर्डच्या यशाची उंची कळत नाही. राष्ट्रीय महाविद्यालयीन क्रीडा संघटना, एनसीएए, 1959 पासून फुटबॉलची स्पर्धा भरवू लागली आणि 1973 पर्यंतच्या पंधरा स्पर्धांत सेंट लुईसने दहा वेळा विजेतेपद घेतलं, त्यातलं एक विभागून. खेळाडू बहुतेक गावातलेच. चर्चच्या परिसरातल्या मैदानांवर लहानपणापासून एकमेकांबरोबर खेळलेले, त्यामुळे न बघता पास देणारे. 1950 च्या विश्वचषकात अमेरिकेने इंग्लंडला 1-0 असं हरवलं, त्या संघात पाच जण याच शहरातले होते. आणि तो एकमेव गोल करणारा जो गेटजेन्स कोण होता? न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकायला आलेला हैतीचा तरुण. गावात वाढलेला फुटबॉल आणि समुद्रापलीकडून आलेला फुटबॉल, दोन्ही त्या एका संघात होते. वीस वर्षांनी ते एकमेकांसमोर उभे ठाकले.

1971 च्या मोसमात हॉवर्डने उपांत्य फेरीत हार्वर्डला हरवलं आणि 30 डिसेंबरला मायामीच्या ऑरेंज बोल मैदानात आधीच्या दोन वर्षांच्या विजेत्या सेंट लुईसला 3-2 असं नमवलं. कीथ आकी, अल्विन हेंडरसन, इयन बेन हे त्रिनिदादचे, मोरी डियाने गिनीचा. एनसीएएच्या वरच्या विभागातलं सांघिक विजेतेपद कृष्णवर्णीयांच्या विद्यापीठाकडे येण्याची ही पहिलीच वेळ होती.

मग चौकशी सुरू झाली. 1973 मध्ये एनसीएएने ते विजेतेपद काढून घेतलं आणि त्या वर्षी राष्ट्रीय स्पर्धेत खेळायलाही बंदी घातली. काही खेळाडू अपात्र होते, असा निष्कर्ष. कारणं वाचताना आजही अस्वस्थ व्हायला होतं, म्हणून ती थोडी सविस्तर सांगतो. एक नियम परदेशी विद्यार्थ्यांसाठीच होता: एकोणीस वर्षं पूर्ण झाल्यावर दुसऱ्या देशात स्पर्धात्मक खेळात भाग घेतला असेल, तर तिथलं प्रत्येक वर्ष इथल्या खेळण्याच्या वर्षांतून वजा. दुसरा, महाविद्यालयात पाऊल ठेवल्यापासून पाच वर्षांत खेळण्याची मुदत संपवणारा. तिसरा प्रवेश परीक्षेचा: शाळेतले आणि प्रवेश परीक्षेतले गुण धरून विद्यार्थी पुढे किमान 1.600 सरासरी मिळवेल असा अंदाज निघायला हवा. अमेरिकन शाळेतून अठराव्या वर्षी थेट महाविद्यालयात येणाऱ्या मुलाला या नियमांची अडचण वाटण्याचं कारण नव्हतं. पण पोर्ट ऑफ स्पेनला शाळा संपवून, दोन-तीन वर्षं नोकरी करून, संध्याकाळी क्लबकडून फुकट खेळून, पैसे साठवून तेविसाव्या वर्षी शिकायला आलेल्या माणसाचं काय? त्याची ब्रिटिश पद्धतीची परीक्षा त्या अंदाजाच्या तक्त्यात कुठे बसवायची? नियम लिहिणाऱ्यांच्या डोळ्यासमोर विद्यार्थ्याचं एकच चित्र होतं, आणि हॉवर्डचे खेळाडू त्या चित्रात नव्हते.

विद्यापीठ गप्प बसलं नाही. अध्यक्ष जेम्स चीक संघाच्या पाठीशी उभे राहिले आणि हॉवर्ड न्यायालयात गेलं. परदेशी विद्यार्थ्यांचा तो नियम घटनेतल्या समानतेच्या तत्त्वाविरुद्ध आहे, असा निर्णय मिळाला. 1975 मध्ये वरिष्ठ न्यायालयानेही तो कायम ठेवला. म्हणजे नियमच पडला, तोही देशभरातल्या सगळ्या परदेशी खेळाडूंसाठी. मात्र उरलेले दोन नियम न्यायालयाने ग्राह्य धरले, त्यामुळे विजेतेपद काही परत आलं नाही.

मैदानातलं उत्तर त्याच्या आधीच देऊन झालं होतं. 1974 चा मोसम हॉवर्डने असा खेळला की बोट ठेवायला जागा राहू नये. 19 सामने, 19 विजय. 63 गोल केले, 6 खाल्ले. अंतिम सामना 7 डिसेंबरला होता आणि समोर पुन्हा सेंट लुईस, तेही त्यांच्याच शहरात, बुश स्टेडियमवर. नव्वद मिनिटांनंतर 1-1. पहिली जादा वेळ गेली, दुसरी, तिसरी. चौथ्या जादा वेळेत नायजेरियाच्या केनेथ इलोडिग्वेने गोल केला आणि सामना 2-1 असा संपला. पायांत गोळे आलेल्या, डिसेंबरच्या थंडीत त्या मैदानावर धावणाऱ्या बावीस जणांचा विचार केला की मला सेंट लुईसच्या खेळाडूंबद्दलही आदर वाटतो. त्यांनीही शेवटपर्यंत दम सोडला नाही. त्या विद्यापीठाला त्यानंतर आजवर हे विजेतेपद मिळालेलं नाही.

कर्णधार होता इयन बेन. 1971 च्या विजयातही तो होता, म्हणजे पहिलं विजेतेपद काढून घेतलं गेल्याचं दुःख त्याने स्वतः भोगलं होतं. या सगळ्यावर 2016 मध्ये ‘रिडेम्प्शन साँग’ नावाचा माहितीपट निघाला, फिलिप्स यांनी आत्मचरित्र लिहिलं, आणि नव्या पिढीला ही गोष्ट थोडीफार कळली. पण एनसीएएच्या विजेत्यांच्या यादीत 1971 समोर अजूनही हॉवर्डचं नाव नाही. पद रिक्त, अशी नोंद आहे. माझं मत स्पष्ट आहे. ते नाव तिथे परत लिहायला हवं. ज्या नियमावलीतला एक नियम घटनाबाह्य ठरला आणि 1.600 चा नियम खुद्द संघटनेनेच 1973 मध्ये रद्द केला, तिच्या आधारावर काढून घेतलेलं विजेतेपद आणखी किती वर्षं रिक्त ठेवायचं?

फिलिप्स यांनी 1980 च्या सुमारास हॉवर्ड सोडलं. नंतरची वर्षं चढउतारांची. 1988 मध्ये कीथ टकर यांच्या मार्गदर्शनाखाली संघ पुन्हा अंतिम सामन्यात पोचला आणि इंडियाना विद्यापीठाकडून, त्यांच्याच ब्लूमिंग्टनमध्ये, 1-0 असा हरला. त्या मोसमात हॉवर्डच्या गोलात उंचापुरा शाका हिस्लॉप उभा होता. लंडनला जन्मलेला, त्रिनिदादमध्ये वाढलेला, हॉवर्डला यंत्र अभियांत्रिकी शिकणारा. पुढे तो इंग्लंडमध्ये न्यूकॅसल आणि वेस्ट हॅमकडून खेळला, तिथल्या फुटबॉलमधल्या वंशद्वेषाविरुद्धच्या मोहिमेच्या उभारणीत पुढे होता.

10 जून 2006. जर्मनीतलं डॉर्टमुंड. त्रिनिदाद आणि टोबॅगोचा विश्वचषकातला पहिलावहिला सामना, समोर स्वीडन. पहिल्या पसंतीचा गोलरक्षक केल्विन जॅक सराव करतानाच जखमी झाला आणि ऐन वेळी सदतीस वर्षांच्या हिस्लॉपला हातमोजे चढवावे लागले. दुसऱ्या अर्धात त्रिनिदादचा एक खेळाडू लाल कार्ड मिळून बाहेर गेला, तरी स्वीडनला एकही गोल करता आला नाही. सामना संपला तेव्हा फलकावर 0-0 होतं, आणि तेरा लाख लोकवस्तीच्या त्या देशात लोक रस्त्यावर येऊन नाचत होते.