अनोळखी सॉफ्टवेअर पॅकेजचे काम कसे ओळखावे?

लिनक्सवर चालणाऱ्या संगणकातील पॅकेजांची यादी उघडल्यास वापरकर्त्याने स्वतः कधीही न मागवलेली शेकडो नावे दिसतात. 'लिबएलझेडएमए' यासारख्या नावावरून कामाचा बोध होत नाही. मात्र निरुपयोगी समजून असे पॅकेज काढून टाकल्यास त्यावर अवलंबून असलेले दुसरेच सॉफ्टवेअर बंद पडण्याची शक्यता असते. त्यामुळे आधी त्याची ओळख करून घेणे हिताचे ठरते.

नाव आणि वर्णन

डेबियन, त्यावर आधारित उबुंटू आणि सी-डॅकने विकसित केलेली 'बॉस' या प्रणालींमध्ये ही माहिती पॅकेजसोबतच दिलेली असते. 'एपीटी शो' या आज्ञेपुढे पॅकेजचे नाव लिहिल्यास त्याची आवृत्ती, देखभाल करणाऱ्याचे नाव, आकार आणि कामाचे वर्णन समोर येते. नावाच्या आरंभी 'लिब' असल्यास ते बहुधा इतर सॉफ्टवेअरना लागणारे सामायिक संग्रह असतात, तर शेवटी 'डेव्ह' असल्यास ते प्रामुख्याने प्रोग्रामरसाठी असते.

फायली आणि अवलंबित्व

पॅकेजने संगणकात कोणत्या फायली ठेवल्या, हे 'डीपीकेजी' या आज्ञेला कॅपिटल 'एल' हा पर्याय जोडून पाहता येते. एखादी फाइल कोणत्या पॅकेजची, हे कॅपिटल 'एस' या पर्यायाने कळते. 'एपीटी आरडिपेंड्स' ही आज्ञा त्या पॅकेजची गरज कोणाला आहे, हे सांगते. काढून टाकण्याच्या आज्ञेला 'सिम्युलेट' हा पर्याय जोडल्यास प्रत्यक्षात काहीही न हटवता परिणाम आधीच समजतो.

वर्णनाच्या मर्यादा

वर्णन खरे असले, तरी तेवढ्याने पॅकेज सुरक्षित ठरत नाही, हे २०२४ मध्ये दिसून आले. 'एक्सझेड' हे फायलींचा आकार कमी करणारे सॉफ्टवेअर आहे. लिबएलझेडएमए हा त्याचाच संग्रह. दूरस्थ संगणकावर 'एसएसएच'द्वारे प्रवेश करताना सुमारे अर्ध्या सेकंदाचा अनपेक्षित विलंब होत असल्याचे अभियंते आंद्रेस फ्रॉइंड यांच्या लक्षात आले. त्याचा माग काढताना एक्सझेडच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये दडवलेला घातक भाग त्यांना आढळला. २९ मार्च २०२४ रोजी त्यांनी ही माहिती जाहीर केली. डेबियनच्या स्थिर आवृत्तीपर्यंत तो भाग पोहोचला नव्हता.

हा भाग कार्यान्वित करणारी एक फाइल सार्वजनिक स्रोतसंग्रहात नव्हती. ती केवळ वितरणासाठी तयार केलेल्या संचात होती. केवळ स्रोतसंग्रह वाचणाऱ्यास त्यामुळे पूर्ण चित्र दिसले नसते.

पॅकेज कशासाठी आहे, हे वर्णनावरून कळते. ते प्रत्यक्षात काय करते, हे जाणण्यासाठी त्याच्या फायली, त्याचे अवलंबित्व आणि त्याचे वर्तन या तिन्हींकडे लक्ष द्यावे लागते.