सगळे बाहेर!

अमेरिकेतल्या क्लीव्हलंड परिसरातलं एक साधं, एकमजली घर. मागच्या बाजूला स्वयंपाकघरात आग लागलेली. लेफ्टनंट तुकडी घेऊन आत शिरतो आणि दिवाणखान्यातूनच स्वयंपाकघरावर पाण्याचा मारा सुरू करायला सांगतो. एवढ्याशा आगीने पाण्यापुढे मान टाकायला हवी होती, पण ज्वाळा क्षणभर बसतात आणि पुन्हा उसळतात. पुन्हा मारा, पुन्हा तेच. लेफ्टनंटला काहीतरी खटकतं. काय खटकलं ते त्याला सांगता येत नाही, तरी तो हुकूम देतो: सगळे बाहेर! जवान बाहेर पडतात न पडतात तोच, मघाशी ते जिथे उभे होते तिथली जमीन खाली कोसळते. खरी आग तळघरात होती. ते तिच्या डोक्यावर उभे राहून तिच्या एका फांदीवर पाणी मारत होते.

गॅरी क्लाइन हे मानसशास्त्रज्ञ १९८०च्या दशकात अशा अधिकाऱ्यांच्या मुलाखती घेत होते. जिवावरचे निर्णय माणूस सेकंदात कसे घेतो, हे त्यांना शोधायचं होतं. अनुभवी अधिकारी त्यांना सांगायचे, ‘आम्ही निर्णय वगैरे घेत नाही, काय करायचं ते दिसतंच.’ या लेफ्टनंटची तर खात्री होती की आपल्याला अतींद्रिय शक्ती आहे. क्लाइन यांनी त्याच्याकडून तो प्रसंग पुन्हा बारकाईने वदवून घेतला, तेव्हा तीन गोष्टी हाती लागल्या. आग पाण्याला दाद देत नव्हती. तेवढ्या आगीच्या मानाने खोली फार तापली होती. आणि तेवढ्या उष्णतेच्या मानाने घर फार शांत होतं. जमिनीने खालचा आवाज गिळला होता, उष्णता मात्र वर येत होती. लेफ्टनंटच्या डोक्यात आजवर विझवलेल्या शेकडो आगी साठलेल्या होत्या आणि ही त्यांतल्या एकीशीही जुळत नव्हती. ते न जुळणं त्याच्या शरीराला आधी कळलं, बुद्धीला मागाहून.

मला यातली सर्वांत विलक्षण गोष्ट वेगळीच वाटते. त्याने ‘बाहेर’ म्हटलं आणि कारण न विचारता सगळे बाहेर पडले. त्या गोष्टीकडे पुढे येऊच. आधी डोक्यातल्या त्या साठवणीचं पाहू, कारण अग्निशमनाचं प्रशिक्षण म्हणजे बरंचसं तीच रचण्याचं काम आहे.

आपण जळतं लाकूड बघतो आणि लाकूड जळतंय असं म्हणतो. प्रत्यक्षात ज्वाळा होऊन जळतो तो तापलेल्या लाकडातून सुटणारा वायू. बंद खोलीत हा वायू पूर्ण जळत नाही. काजळीबरोबर वर चढून तो छताशी साठतो, आणि धुराचा थर छतापासून खाली भरत येतो. म्हणजे धूर हे आगीचं उरलंसुरलं नव्हे, ते तिचं पुढचं इंधन आहे. छताजवळचा हा थर साधारण ५०० ते ६०० अंश सेल्सिअसपर्यंत तापला की वरून एवढी धग बरसते की सोफा, पडदे, गालिचा, सगळं एकदम वायू सोडू लागतं आणि एका श्वासात अख्खी खोली पेटते. याला फ्लॅशओव्हर म्हणतात. त्यानंतर आत उरलेला माणूस, अंगावर पूर्ण संरक्षक पोशाख असला तरी, काही सेकंदांचाच सोबती असतो.

तो क्षण येण्याआधी ओळखायचा कसा? पुस्तकात वाचून ते येत नाही. १९८०च्या दशकात स्वीडनच्या अग्निशामकांनी यावर एक उपाय काढला: मालवाहू जहाजावरचा पोलादी कंटेनर घ्यायचा, त्याच्या एका टोकाला भुशाच्या दाबीव फळ्या लावून त्या पेटवायच्या आणि शिकाऊ जवानांना दुसऱ्या टोकाला खाली बसवायचं. नुसतं बघायला. आज जगभर असे कंटेनर आहेत.

आत काय दिसतं? धुराचा थर हळूहळू खाली येतो, खाली स्वच्छ हवा राहते आणि मधली सीमा सुरीने कापल्यासारखी स्पष्ट असते. जमिनीलगत हवा आगीकडे खेचली जाताना दिसते आणि वरून धूर उलट्या दिशेने बाहेर पडतो. मग धुराच्या पोटात निळसर-पिवळ्या जिभा दिसू लागतात, दिसून विझतात, आणि थोड्या वेळाने डोक्यावरून मागे धावत जातात. इथे पहिला धडा मिळतो. जवान नोझलचं तोंड छताकडे करून अगदी क्षणभर, बारीक तुषारांचा एकच फवारा सोडतो. जिभा नाहीशा होतात आणि धुराचा थर वर उचलला जातो. एक लिटर पाण्याची वाफ होताना ते सतराशेपट जागा व्यापतं, मग थर खाली यायला हवा, वर कसा गेला? कारण तुषार हवेतच विरले, तर तापलेला वायू गार होऊन जेवढा आकसतो ते आकसणं वाफेच्या फुगण्यावर मात करतं. हेच पाणी धो धो करून तापलेल्या भिंतींवर मारलं, तर वाफ फुगते आणि आत बसलेल्यांनाच भाजून काढते. पाणी तेच असतं. ते कुठे, किती आणि किती वेळ मारायचं, यावर सगळं ठरतं. ज्याने हे एकदा डोळ्यांनी पाहिलं, त्याच्या हातून नोझल वेगळीच चालते.

वेळही आता पूर्वीइतका मिळत नाही. अमेरिकेतल्या अंडररायटर्स लॅबोरेटरीजने दोन सारख्या खोल्या पेटवून पाहिल्या, एकीत जुन्या पद्धतीचं लाकूड-कापसाचं सामान आणि दुसरीत आजचं फोम आणि प्लास्टिकचं. जुन्या सामानाच्या खोलीला फ्लॅशओव्हर व्हायला अर्धा तास लागला. नवी पाच मिनिटांच्या आत गेली. आपल्याकडच्या नव्या फ्लॅटमधल्या दिवाणखान्यांत काय भरलेलं असतं, ते आठवून पाहावं. वर्दी मिळाल्यावर बंब कितीही वेगाने निघाला तरी ती पाच मिनिटं बहुतेक वेळा रस्त्यातच संपतात.

आणि दार. हवा संपल्यामुळे मंदावलेली आग विझलेली नसते, दबा धरून असते. काचा काळ्या पडलेल्या, ज्वाळा कुठेच नाहीत, दाराच्या फटीतून धूर श्वास घेतल्यासारखा आतबाहेर होतोय, अशा वेळी दार उघडलं तर आत शिरणारी हवा घर उडवू शकते. म्हणून नागपूरच्या नॅशनल फायर सर्व्हिस कॉलेजपासून (१९५६ साली रामपूरला सुरू झालेली ही संस्था पुढच्याच वर्षी नागपूरला आली) जगातल्या कुठल्याही प्रशिक्षण केंद्रापर्यंत दार उघडणं हे एक स्वतंत्र कौशल्य म्हणून घोटून घेतलं जातं.

आत शिरल्यावर तर डोळ्यांचा उपयोगच संपतो. श्वासयंत्राचा (बीए) सेट पाठीवर, मास्क तोंडावर, समोर मिट्ट काळोख. एक हात भिंतीला. तो सुटला तर परतीची वाट सुटली. सगळा भार मागच्या पायावर ठेवून पुढचा पाय आधी जमीन चाचपतो, मगच वजन पुढे जातं. समोरचा हात चेहऱ्यापुढे वरखाली फिरत असतो, तळवा स्वतःकडे वळवलेला. असं का? लोंबणाऱ्या विजेच्या तारेला तळवा लागला तर स्नायू आखडून मूठ तारेवरच मिटते. हाताची मागची बाजू लागली तर तोच आखडणारा हात तारेपासून दूर खेचला जातो. विजेचा झटकाच माणसाला सोडवतो, फक्त हात कसा धरायचा ते आधीपासून अंगात मुरलेलं हवं.

पाठीवरच्या सहा लिटरच्या सिलिंडरमध्ये ३०० बार दाबाने सुमारे १,८०० लिटर हवा मावते. मिनिटाला चाळीस लिटर धरली तर पंचेचाळीस मिनिटं. जिना चढताना, माणूस ओढून आणताना यातली कितीतरी भराभर संपतात. आत असलेल्याला वेळेचं भान राहत नाही. १९५८च्या जानेवारीत लंडनच्या स्मिथफील्ड बाजारात, तळघरातल्या मांसाच्या शीतगृहांच्या चक्रव्यूहात, दोन अग्निशामक हवा संपून दगावले. त्यानंतर तिथली पद्धत बदलली: आत जाणाऱ्याने आपला बिल्ला दाराशी असलेल्या फलकावर लावायचा, आणि फलकापाशी उभ्या असलेल्याने प्रत्येकाची हवा कधी संपणार याचा हिशोब ठेवायचा. हा माणूस आगीवर पाणी मारत नाही, कोणाला खांद्यावर घेऊन बाहेर येत नाही, फोटोत कधी दिसत नाही. माझ्या मते त्या जागेवरचं सर्वांत मोलाचं काम त्याचं असतं.

आता ‘सगळे बाहेर’ या हुकुमाकडे आणि तो पाळला जाण्याकडे येऊ. ५ ऑगस्ट १९४९, मोंटाना, मिसूरी नदीकाठची मॅन गल्च नावाची घळ. वणवा विझवायला विमानातून पॅराशूटने उतरलेले पंधरा जण आणि त्यांना येऊन मिळालेला एक वनरक्षक. म्होरक्या वॅग डॉज. त्यांचा रेडिओ उतरतानाच फुटला होता. ते नदीकडे निघाले, तेव्हा घळीच्या तोंडाशी आगीने दरी ओलांडून त्यांची वाट अडवली. मागे फिरून सगळे चढणीवर धावू लागले. खाली वाळलेलं गवत, मागे वारा, आणि आग माणसापेक्षा वेगाने चढ चढते. डॉजने अवजारं टाकायला सांगितली. मग त्याने खिशातून काडी काढून समोरचंच गवत पेटवलं. ते जळत वर गेलं आणि मागे काळी राख उरली. जिथे जळायला काही उरलं नाही तिथे आग येणार नाही, हे त्या घटकेला त्याला सुचलं होतं. असं करायला त्याला कोणी शिकवलं नव्हतं. तो राखेत शिरला, या या म्हणून खुणावत राहिला. मागून वणवा येत असताना समोर आणखी आग लावणारा माणूस बाकीच्यांना वेडा वाटला असणार. सगळे त्याला ओलांडून पुढे धावत गेले. तो राखेत पालथा पडून राहिला, वणवा त्याच्यावरून गेला आणि तो उठून उभा राहिला. कड्याच्या फटीतून पलीकडे निसटलेले दोघे वाचले. तेरा जण गेले.

क्लीव्हलंडच्या लेफ्टनंटने पाहिलं आणि जवानांनी ऐकलं. डॉजनेही अचूकच पाहिलं होतं, त्याचं ऐकलं कोणी नाही. पण त्या तुकडीने आधी एकत्र काम केलेलं नव्हतं, आणि काडी पेटवताना समजावून सांगायला एक मिनिटही शिल्लक नव्हतं. आगीच्या तोंडावर विश्वास निर्माण करता येत नाही, तो आणावा लागतो. रोजचा सराव, एकत्र चहा, एकाच होजला लागलेले हात, चुकल्यावर अधिकाऱ्याने दिलेलं कारण, यांतूनच तो आलेला असतो.

मुंबईने याहून मोठं दुःख पाहिलं आहे. १४ एप्रिल १९४४, व्हिक्टोरिया गोदी, ‘फोर्ट स्टिकीन’ जहाज. पोटात कापसाच्या गाठी आणि सुमारे १,४०० टन दारूगोळा. दुपारी दोनच्या सुमारास धुराची वर्दी आली. जवानांनी शेकडो टन पाणी ओतलं. जहाजाच्या लोखंडी अंगावरचा रंग एका जागी तापून फुगला होता. आग कुठे आहे ते जहाज स्वतःच दाखवत होतं. धक्क्यावर कप्तान होता, गोदीचे अधिकारी होते, लष्कराचा दारूगोळा-तज्ज्ञ होता, अग्निशमन दलाचे प्रमुख होते. जहाज बुडवावं असं मतही मांडलं गेलं, पण या सगळ्यांवर ज्याचा शब्द चालेल असा एकही माणूस तिथे नव्हता. ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट झाला. ६६ अग्निशामक शहीद झाले; त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. ते शेवटपर्यंत नळी धरून उभे होते आणि ‘सगळे बाहेर’ हा हुकूम फार उशिरा आला, हे मला आजही सहन होत नाही.

१९७०च्या कॅलिफोर्नियातल्या वणव्यांनंतर घटनास्थळी कोणाचा शब्द अखेरचा, हे आधीच ठरवणारी पद्धत तिथे घडवली गेली. एका घटनेचा एकच प्रमुख, आणि एका अधिकाऱ्याच्या हाताखाली साधारण पाच माणसं, सातापेक्षा जास्त नाहीत, कारण तेवढ्यांचंच भान एका डोक्याला राहतं. हुकूम कोणाचा ते असं ठरलं. पण अमेरिकेत वणवे विझवणाऱ्यांच्या खिशातल्या पुस्तिकेत उलट्या दिशेचीही सोय आहे. काम जीवघेणं वाटलं तर जवान कारण सांगून ते नाकारू शकतो. आणि अधिकाऱ्याने तेच काम दुसऱ्या तुकडीला दिलं, तर हे काम आधी कोणीतरी नाकारलं होतं आणि का नाकारलं होतं, हे त्या तुकडीला सांगणं त्याच्यावर बंधनकारक आहे.