व्हिएतनाममध्ये कुणाला काय म्हणावे

आपल्या शाळेचे बरेच माजी विद्यार्थी हल्ली सुट्टीत व्हिएतनामला जातात. बहुतेक जण सहल कंपनीबरोबर जातात. हालाँगच्या उपसागरात नावेची फेरी, ठिकठिकाणी फोटो, रात्री भारतीय जेवण आणि पाच-सहा दिवसांत परत. त्यात गैर काहीच नाही. पण तिथली माणसे कशी राहतात हे ज्यांना पाहायचे आहे त्यांनी आपले आपण जावे, असे आमचे मत झाले आहे. गेल्या वर्षी आम्ही पती-पत्नी हनोईहून हुए आणि होई आनपर्यंत असेच हिंडून आलो. भाषा येत नसताना हे कसे जमले, असे पालक विचारतात, म्हणून हा लेख.

तिथे अनोळखी माणूसही दोन मिनिटांत वय विचारतो. मुले किती, हेही विचारतो. याचा राग मानू नये, कारण भाषेतच आहे. सर्वांना चालेल असा ‘तू’ किंवा ‘तुम्ही’ त्यांच्या रोजच्या बोलण्यात नाही. समोरच्याला नात्यानेच हाक मारायची, आणि त्यासाठी तो लहान की मोठा हे आधी कळले पाहिजे. थोडा मोठा पुरुष ‘आन्ह’ म्हणजे दादा, मोठी स्त्री ‘ची’ म्हणजे ताई, लहान कुणीही ‘एम’. वडिलांपेक्षा थोडा लहान असेल तर ‘चू’, म्हणजे धाकटा काका. वडिलांहून मोठा ‘बाक’. आजोबा ‘ओंग’ आणि आजी ‘बा’. हाक मारताना पुढे ‘ओइ’ जोडायचे : ‘ची ओइ!’ भाजीवालीला मावशी आणि रिक्षावाल्याला काका म्हणत वाढलेल्या आपल्या मुलांना हे वेगळे शिकवावे लागणार नाही. फरक एवढाच की तिथे स्वतःलाही नात्यानेच संबोधतात. विद्यार्थी गुरुजींशी बोलताना ‘मी’ म्हणत नाही, ‘एम’ म्हणतो. शिक्षिकेला ‘को’ म्हणतात, आणि ‘को’ म्हणजे आत्यासुद्धा! आपल्या ‘बाईं’पेक्षा हे आम्हाला जास्त आवडले.

लिपी रोमन असल्याने पाट्या वाचता येतील असे वाटते, पण उच्चारात सूर असतात. उत्तरेकडे सूर सहा. ‘मा’ हा एकच उच्चार सूर बदलला की भूत, आई, पण, थडगे, घोडा किंवा भाताचे रोप होतो. म्हणून पत्ता तोंडी न सांगता लिहून दाखवावा. ही लिपी सतराव्या शतकात जेझुइट धर्मगुरूंनी घडवली. तिच्यातला मोठा शब्दकोश १६५१ मध्ये रोममध्ये छापला गेला. त्याच शतकात, १६१६ मध्ये, गोव्यात फादर स्टीफन्स यांचे मराठी ‘क्रिस्तपुराण’ रोमन लिपीतच छापले गेले होते. आपली देवनागरी टिकली, त्यांची जुनी चिनी वळणाची लिपी मात्र व्यवहारातून गेली.

सकाळ तिथली खरी पाहण्यासारखी. फुटपाथवर वीतभर उंचीची प्लास्टिकची स्टुले मांडलेली असतात. कार्यालयातला साहेब आणि हमाल शेजारी बसून ‘फो’ म्हणजे तांदळाच्या शेवयांचा रस्सा खातात. कॉफी पेल्यावर ठेवलेल्या छोट्या गाळणीतून थेंबथेंब उतरते. तळाशी घट्ट गोड दूध असते. घाई असणाऱ्याने मागवूच नये.

शाकाहारी मंडळींची काळजी आम्हाला जास्त होती. मांस नसले तरी माशाचा सॉस बहुतेक पदार्थांत पडतोच. इथे एक शब्द उपयोगी पडतो, आणि तो गमतीचा आहे : ‘चाय’. त्याचा अर्थ शाकाहार! (चहाला तिकडे ‘चा’ म्हणतात.) ‘कोम चाय’ अशी पाटी दिसली की निर्धास्त आत जावे. अनेक बौद्ध कुटुंबे चांद्र महिन्याच्या पहिल्या व पंधराव्या दिवशी शाकाहार पाळतात, त्यामुळे त्या दिवशी असे जेवण सहज मिळते. अंडे चालत नसेल तर मात्र तेवढे वेगळे सांगावे.

हनोईत साहित्य-मंदिर चुकवू नये. ते १०७० मध्ये बांधले आणि १०७६ मध्ये तिथे राजविद्यालय सुरू झाले. दगडी कासवांच्या पाठीवर ८२ शिलालेख उभे आहेत आणि त्यांवर राजपरीक्षा उत्तीर्ण झालेल्यांची नावे कोरली आहेत. परीक्षेआधी मुले कासवांच्या डोक्यावरून हात फिरवीत. दगड झिजू लागला म्हणून आता कठडा घातला आहे. परीक्षेची धास्ती सगळीकडे सारखीच!

प्रवासासाठी रेल्वे उत्तम. हनोई ते हो ची मिन्ह सिटी हा मार्ग १,७२६ किलोमीटरचा आहे. रात्रीच्या डब्यात शेजारी फळे कापून पुढे करतात, आणि पुन्हा वय विचारतात.

भारतीयांना ई-व्हिसा घरबसल्या मिळतो. ऑगस्ट २०२३ पासून तो ९० दिवसांपर्यंतचा असतो. अर्ज सरकारी संकेतस्थळावरच करावा. एका रुपयाला साधारण तीनशे डोंग येतात, त्यामुळे साध्या जेवणाचे बिलही हजारांत असते. वीस हजारांची आणि पाच लाखांची नोट दोन्ही निळसर आहेत. उजेड कमी असेल तिथे शून्ये मोजूनच नोट द्यावी.