मिठाची रेघ कुठवर आली?

साखर कारखान्याने नदीतलं मीठ मोजत बसावं? कॅलिफोर्नियातल्या क्रॉकेट गावच्या सी अँड एच कारखान्याने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नेमकं हेच केलं. हवाईहून येणारी कच्ची साखर शुद्ध करायला गोडं पाणी लागे, आणि कारखाना तर खाडीच्या काठावर. मग पाणी आणायला पडाव निघत आणि गोडं पाणी लागेपर्यंत नदीत वर वर जात. किती दूर जावं लागलं आणि पाण्यात क्लोराइड किती होतं, हे 1908 पासून नोंदलं जाऊ लागलं. हिवाळ्यात, म्हणजे तिथल्या पावसाच्या दिवसांत, फेरी छोटी; उन्हाळा सरता सरता लांबलचक. पुढे अंतर इतकं वाढलं की 1920 च्या सुमारास कारखान्याने मरीन काउंटीतून पाणी आणायला सुरुवात केली. निव्वळ धंद्यापायी झालेल्या या नोंदी आज सॅक्रामेंटो–सॅन वाकीन त्रिभुज प्रदेशाच्या खारेपणाचा अनमोल इतिहास ठरल्या आहेत.

त्याच 1920 साली याच प्रदेशातल्या अँटिऑक गावाने नदीच्या वरच्या अंगाच्या शेतकऱ्यांवर दावा ठोकला. तुम्ही पाणी उपसता म्हणून आमच्याकडे समुद्र शिरतो, अशी तक्रार होती. 1922 मध्ये गाव हरलं.

हा त्रिभुज प्रदेश मुळात उलटा आहे. नद्या साधारणपणे समुद्राशी पोचताना फाटे फुटून पसरतात. इथे उत्तरेकडून सॅक्रामेंटो आणि दक्षिणेकडून सॅन वाकीन या नद्या समुद्रापासून दूर, आतल्या भागातच पसरतात आणि मग एका चिंचोळ्या सामुद्रधुनीतून सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरात उतरतात. त्याच वाटेने दिवसातून दोनदा भरती आत येते. कोरड्या दिवसांत भरतीचा हा लोंढा नदीतून समुद्राकडे जाणाऱ्या निव्वळ पाण्याच्या कित्येक पट असतो. आणि सुमारे 2 कोटी 70 लाख लोकांना इथलं पाणी थोडंफार तरी लागतंच.

म्हणून इथे एक रेघ मोजतात. तिचं नाव एक्स-टू. नदीच्या तळाशी, दर किलो पाण्यात 2 ग्रॅम क्षार जिथे मिळतात ती जागा गोल्डन गेट पुलापासून किती किलोमीटर आत आहे, तो हा आकडा. (समुद्राच्या पाण्यात असे 35 ग्रॅम असतात.) आकडा वाढला की खारं पाणी आत आलं, घटला की नदीने त्याला मागे रेटलं. 1995 पासून फेब्रुवारी ते जून या महिन्यांसाठी ही रेघ नियमात बसवली आहे आणि ती 81, 75 की 64 किलोमीटरच्या आसपास राखायची, हे पाऊसपाण्यावर ठरतं. रेघ आत सरकली तर दूरच्या धरणातून पाणी सोडा, नाहीतर पंप मंदावा. एका आकड्यावर धरणं हलतात, याचंच मला या साऱ्या कारभारात सर्वांत जास्त कौतुक वाटतं.

गोव्याच्या खाजणात भरतीला आपोआप मिटणारं मानसाचं लाकडी दार ज्यांनी पाहिलं आहे, त्यांना इथल्या माँटेझुमा स्लू या फाट्यावरचे दरवाजे लगेच ओळखीचे वाटतील. 1988 पासून चालणारे हे अवाढव्य दरवाजे ओहोटीला उघडून गोडं पाणी आत घेतात आणि भरती आली की मिटतात. त्यामुळे सुइसनच्या पाणथळीतलं पाणी फार खारट होत नाही. दुष्काळात हेही पुरत नाही. तेव्हा 2015 मध्ये आणि पुन्हा 2021 मध्ये फॉल्स रिव्हर या फाट्यात दगडांचा सुमारे 750 फूट लांबीचा तात्पुरता बांध घातला गेला.

आता इथल्या बेटांकडे बघा. त्यांची माती म्हणजे कुजक्या वनस्पतींचा हजारो वर्षांचा थर. पाणी काढून शेती केली, मातीला हवा लागली आणि ती अक्षरशः हवेत विरली. काही बेटं आज समुद्रसपाटीपेक्षा 15 ते 25 फूट खाली आहेत, आणि सुमारे 1,770 किलोमीटरचे बांध त्यांना धरून आहेत. 1972 च्या जूनमध्ये अँड्रस-ब्रॅनन बेटाचा बांध फुटला. खोलगट बेट भरायला पाणी धावलं आणि त्या एका घोटात खाडीचं खारं पाणीही आत ओढलं गेलं. फुटला एका बेटाचा बांध, बिघडलं दूरवरचं पाणी!

खारेपणा फक्त जिभेला कळतो असं नाही. समुद्राच्या पाण्यासोबत ब्रोमाइड येतं. शुद्धीकरणात ओझोन वापरला की त्याचं ब्रोमेट होतं, आणि ते आरोग्याला घातक. कुजक्या मातीतून झिरपलेला सेंद्रिय कार्बन क्लोरीनशी मिळाला तर आणखी नको ती रसायनं तयार होतात. म्हणून काँट्रा कोस्टाच्या पाणीपुरवठा यंत्रणेने 1998 मध्ये लॉस व्हॅकेरोस हा साठवण तलाव बांधला: नदी गोडी असताना भरून ठेवायचा, ती खारट झाली की वापरायचा.

गढूळ पाणी वाईट आणि नितळ पाणी चांगलं, हा आपला समज इथे साफ उलटा पडतो. डेल्टा स्मेल्ट ही बोटाएवढी मासोळी फक्त इथेच सापडते. तिला काकडीचा वास येतो. गढूळ पाण्यात ती भक्षकांपासून लपते, आणि पहिल्या मोठ्या पावसाचा गढूळ लोंढा आला की वरच्या अंगाला निघते. म्हणून गढूळपणा मोजणारी यंत्रं तिच्या हालचालीची खबर देतात आणि त्यानुसार उपसा कमी केला जातो. उलट 1986 मध्ये जहाजांच्या पाण्यातून आशियाई शिंपले इथे आले. पाणी गाळून गाळून त्यांनी सूक्ष्म शेवाळ फस्त केलं. पाण्यातला चारा आटला, माशांचे हाल झाले. 2018 पासून सलग अनेक वर्षं शरद ऋतूतल्या सरकारी मोजणीच्या जाळ्यात एकही स्मेल्ट आली नाही. 2021 च्या अखेरीपासून कृत्रिमरीत्या वाढवलेल्या मासोळ्या नदीत सोडल्या जात आहेत. उशीर झाला, पण प्रयत्न सोडलेला नाही.

जुनी पापंही पाण्यातच आहेत. सोन्यासाठी डोंगर खचवताना वापरलेला पारा गाळात उतरला. तशा खाणकामाला 1884 मध्ये न्यायालयाने आळा घातला, तरी कोणता मासा किती खावा याच्या सूचना इथे आजही द्याव्या लागतात. जलपर्णी इथेही आहेच. पुणे-कोल्हापूरकरांना तिचा उपद्रव सांगायला नको. चांगली बातमीही आहे: सॅक्रामेंटोच्या सांडपाणी प्रकल्पाची नवी यंत्रणा 2023 मध्ये पुरी झाली आणि नदीत जाणारा अमोनिया जवळजवळ संपला.

सॉसालिटो गावात तर या साऱ्या खाडीची सुमारे दीड एकराची प्रतिकृती आहे. अमेरिकी लष्कराच्या अभियंत्यांनी 1957 मध्ये ती उभारली आणि पुढच्या दशकात तिला हा त्रिभुज प्रदेश जोडला. तिच्यात भरती-ओहोटीचा आख्खा दिवस 14.9 मिनिटांत उरकतो. खाडीला धरणं घालून गोड्या पाण्याची तळी करण्याची रेबर योजना याच खोट्या खाडीत पारखली गेली आणि बाद झाली.

आज क्षारता, गढूळपणा, पातळी यांचे ताजे आकडे कॅलिफोर्निया डेटा एक्स्चेंज सेंटरच्या संकेतस्थळावर कुणालाही फुकट पाहता येतात. फ्रीमाँटला तुमची लेक किंवा भाचा राहत असेल, तर त्यांच्या नळाच्या पाण्याचा काही भाग इथूनच जातो. सप्टेंबरमध्ये एकदा इथल्या जर्सी पॉइंट या मोजणी केंद्राचा क्षारतेचा आकडा बघायला त्यांना जरूर सांगा. आणि आपल्या खाड्यांचे, नद्यांचे आकडेही असेच तासातासाला, सगळ्यांना दिसतील असे मांडले जावेत, हा आग्रह आपण इथे धरू या.