एका दाराचा बाजार

कल्याणहून माळशेज घाट चढून नगरकडे जाणाऱ्या रस्त्यावर ओतूर मागे पडले आणि आळेफाटा अद्याप यावयाचा असला, की मध्ये आमचे पिंपरी पेंढार लागते. येथल्या आमच्या घरी कांद्याच्या बराखीला लागून एक लांबट खोली आहे. तिच्या एका भिंतीशी खताच्या गोण्या आणि दुसऱ्या भिंतीशी संगणक, अशी तिची मांडणी गेली पंधरा-सोळा वर्षे बदललेली नाही. दिवस मावळल्यावर उसाच्या कडेने बिबट्याच्या भयामुळे विनाकारण बाहेर पडण्याची सोय नाही, आणि रात्रीच्या वीजपाळीत मोटार चालू करावयाची म्हणून जागावे तर लागतेच. तेव्हा त्या जागरणाच्या तासांत मी आणि माझा धाकटा चुलतभाऊ संगणकावरील खेळ खेळत आलो, आणि खेळण्याहूनही अधिक वेळ, ते खेळ कोणत्या दुकानातून घ्यावेत याविषयी भांडत आलो. त्या भांडणाचा मागोवा घ्यावा असे आज मनात आले, कारण ज्या गोष्टीवरून आम्ही भांडलो तिचे मर्म आमच्या बराखीतच होते, आणि ते उमगावयास मला फार वर्षे लागली.

प्रारंभीच्या काळात दुकान ही एक जागा होती. २००९ साली माझ्या चुलत्यांनी पुण्याहून एका खेळाची डबी आणली; आत चकचकीत डीव्हीडी, बारीक टाइपातील माहितीपत्रक आणि पंचवीस अक्षरांची एक किल्ली. डीव्हीडी घालून अर्धा तास वाट पाहिल्यावर संगणकाने कळविले, की इंटरनेटवर खाते उघडून ही किल्ली त्या खात्यावर नोंदविल्याशिवाय खेळ सुरू होणार नाही. चुलत्यांना हा प्रकार समजावून सांगताना माझी जी तारांबळ उडाली ती मी विसरलेलो नाही. "पैसे मोजले, वस्तू घरात आली, मग आता परवानगी कुणाची?" असे त्यांनी विचारले. गाय विकत आणली आणि दूध काढताना दर वेळी विकणाऱ्याला विचारावे लागले, तर शेतकरी जे विचारील तेच त्यांनी विचारले होते.

या व्यवस्थेचा उगम आम्हांला पुढे कळला. अमेरिकेतील व्हॉल्व्ह या कंपनीने १२ सप्टेंबर २००३ रोजी स्टीम नावाची सेवा सुरू केली, ती मुख्यतः आपल्या खेळांच्या दुरुस्त्या ग्राहकांपर्यंत पोहोचविण्यासाठी. परंतु १६ नोव्हेंबर २००४ रोजी हाफ-लाइफ २ हा खेळ निघाला तेव्हा, डबी दुकानातून घेतलेली असो वा नसो, स्टीमचे खाते अनिवार्य ठरले. त्या वेळी जगभर त्रागा झाला. पुढे त्याच दारातून इतर कंपन्यांचेही खेळ विकले जाऊ लागले, उन्हाळी आणि हिवाळी सेल लागू लागले, मित्रांच्या याद्या तेथे जमल्या, आणि ज्याला एके काळी चौकी म्हणून शिव्या बसल्या त्यालाच लोक घर म्हणू लागले. वहिवाटीचे सामर्थ्य असे असते, की बारा वर्षे एकाच पाऊलवाटेने गेलेल्या माणसाला ती वाट दुसऱ्याच्या शेतातून जाते याचा विसर पडतो.

आमच्या गावी मात्र ही पाऊलवाट उशिरा पोहोचली. वस्तुतः आमच्याच तालुक्यातील आर्वी येथे १९७१ साली विक्रम उपग्रह भू-केंद्र कार्यान्वित झाले आणि भारताचा परदेशांशी उपग्रहामार्फत होणारा संपर्क तेथून चालू लागला. पण त्या भू-केंद्रापासून काही कोसांवर राहणाऱ्या आम्हांला, त्यानंतर चाळीस वर्षांनी, टेलिफोनच्या तारेवरून एक मोठा खेळ उतरवून घ्यावयास चार-चार रात्री लागत, आणि तिसऱ्या रात्री वीज गेली म्हणजे भावाचा चेहरा अवकाळीत सापडलेल्या कांद्याच्या अरणीसारखा होई. त्यातून किंमत डॉलरांत. २०१५ च्या नोव्हेंबरात स्टीमवर रुपयांत भाव दिसू लागले, आणि २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आल्यावर तारेची गुलामी संपली. या दोन घटनांनी आमच्यासारख्या खेड्यातील खेळाडूला बाजारात खऱ्या अर्थाने उभे केले असे मी मानतो. भावाने आपल्या नावावर पहिला खेळ रीतसर विकत घेतला तो या काळात. त्यापूर्वी आमच्याकडे जे होते ते कोठून येत असे हे सांगण्यात भूषण नाही.

येथवर भांडणाला विषय नव्हता, कारण मोठा बाजार एकच होता. तसे पाहता इलेक्ट्रॉनिक आर्ट्‌सने २०११ मध्ये ओरिजिन नावाचे आपले स्वतंत्र दुकान थाटले होते, युबिसॉफ्टचेही निराळे होते, आणि पोलंडच्या सीडी प्रोजेक्टने २००८ पासून चालविलेले जीओजी तर कुलूप नसलेले खेळ विकत होते, म्हणजे एकदा उतरवून घेतले की कोणाच्याही परवानगीवाचून चालणारे. पण ही सारी आठवडे बाजारातील कडेची पाले. मधला चौथरा स्टीमचाच होता, आणि त्या चौथऱ्यावर बसण्याबद्दल खेळ घडविणाऱ्याच्या विक्रीतून शेकडा ३० कापले जात.

शेकडा ३० हा आकडा प्रथम ऐकला तेव्हा भाऊ म्हणाला, "दादा, ही तर आडत झाली." आणि त्याचे बरोबर होते. आमच्या घरात आडत हा शब्द पुस्तकातून आलेला नाही. आळेफाट्याला कांदा किंवा नारायणगावला टोमॅटो घातल्यावर हाती जी पट्टी येई तिच्यात वर एकूण रक्कम, खाली हमाली, तोलाई, आडत, आणि त्याखाली उरलेले आपले. ती पट्टी चुलते दिव्याखाली धरून दोनदा वाचीत. २०१६ च्या जुलैत राज्य शासनाने फळे आणि भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मुक्त केला आणि आडत शेतकऱ्याच्या पट्टीतून न कापता खरेदीदाराकडून घ्यावी असे ठरविले, तेव्हा त्या निर्णयाची जेवढी चर्चा आमच्या ओट्यावर झाली तेवढी निवडणुकीचीही झाली नसेल. तेव्हा, दुसरा बाजार उघडावा, त्याने आडत कमी घ्यावी, आणि त्या धाकाने पहिल्यानेही थोडे नमते घ्यावे, यात वाईट काय आहे हे आम्हांला कोणी सांगावयास नको होते.

असा दुसरा बाजार ६ डिसेंबर २०१८ रोजी उघडला. खेळ घडविणाऱ्या एपिक गेम्स या कंपनीने आपले दुकान सुरू करून आडत शेकडा १२ ठेवली. त्याच्या अगोदर आठवडाभर स्टीमने मोठ्या विक्रीसाठी सवलत जाहीर केली होती: एका खेळाची विक्री १ कोटी डॉलरांपलीकडे गेली तर वरच्या रकमेवर शेकडा २५, आणि ५ कोटींपलीकडे गेली तर शेकडा २०. बड्या बागायतदाराला सूट आणि दोन एकरवाल्याला पूर्ण आडत, असा तो न्याय होता.

पण एपिकने केवळ आडत कमी केली नाही, तर इसार दिला. २८ जानेवारी २०१९ रोजी, म्हणजे मेट्रो एक्सोडस हा खेळ निघावयास तीन आठवडेही उरले नसताना, तो वर्षभर एपिकवरच मिळेल असे जाहीर झाले. स्टीमवर ज्यांनी आगाऊ मागणी नोंदविली होती त्यांना तो मिळाला, इतरांना दार बंद. मार्चमध्ये फिनिक्स पॉइंट आणि जूनमध्ये शेनमू ३ यांचीही तीच गत झाली, आणि येथे मात्र जखम खोल होती; कारण हे दोन्ही खेळ लोकांच्या वर्गणीतून उभे राहिले होते आणि वर्गणीदारांना स्टीमचे वचन होते. दोन्ही ठिकाणी पुढे पैसे परत देण्याची तयारी दाखविण्यात आली. पैसे परत मिळाले म्हणून शब्द परत मिळतो असे नाही. सप्टेंबरात बॉर्डरलँड्स ३ सहा महिन्यांच्या मक्त्याने एपिककडे गेला, आणि २०२१ मध्ये एपिक व ॲपल यांच्या खटल्यात दस्तऐवज उघड झाले तेव्हा या एका खेळासाठी ८ कोटी डॉलरांची किमान हमी दिली होती असे जगाला कळले.

या वर्षभरात आमच्या खोलीत दोन पक्ष पडले. भाऊ तेव्हा एकोणीस वर्षांचा, त्याच्या खात्यावर जेमतेम वीस खेळ. त्याला एपिक दर पंधरवड्याला एक खेळ फुकट देत होते, आणि फुकट देणाऱ्याचा द्वेष करण्याइतकी श्रीमंती त्याच्यापाशी नव्हती. मी स्टीमचा. माझी सारी नोंद तेथे, मित्र तेथे, इतकेच नव्हे तर कोणता खेळ किती तास खेळलो याचा दाखलाही तेथे. "दोन दुकाने म्हणजे दोन किल्ल्या, त्यात एवढे काय?" असे तो म्हणे, आणि मी उत्तरादाखल स्वातंत्र्य, निवड असे भारदस्त शब्द वापरीत असे, जे इंग्रजीत वाचून आले होते आणि बोलताना माझेच मला परके वाटत.

माझी अडचण कोठे आहे हे मला नारायणगावात कळले. चैत्रातील जत्रांच्या आधी तेथे तमाशा फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पंच येऊन सुपारी देतात, हे आमच्या भागात सर्वांस ठाऊक आहे. आमच्या गावच्या मंडळींबरोबर मी गेलो होतो. जो फड हवा होता त्याची ती रात्र दुसऱ्या गावाने अधिक रकमेची सुपारी देऊन आधीच घेतली होती. कोणी रागावले नाही. फड एका रात्री एकाच गावी उभा राहू शकतो, टोमॅटोचे एक क्रेट एकाच आडत्याकडे उतरते, ही वस्तूची प्रकृतीच आहे, आणि निसर्गतः जे एक आहे ते एकाला मिळाले तर दुसऱ्याने मुकाट परत यावे यात अन्याय नाही. परंतु संगणकावरील खेळ तसा नाही! तो एकाच क्षणी लाख घरी उभा राहू शकतो. एकाने घेतल्याने दुसऱ्यासाठी तो तीळभरही उणा होत नाही. ज्याला टंचाई ठाऊकच नाही अशा वस्तूला करारनाम्याने टंचाई लावणे, हेच त्या मक्त्याचे स्वरूप होते, आणि माझा आक्षेप दुसऱ्या दुकानाला नसून या कृत्रिम दुष्काळाला होता. हे मी त्याच रात्री परत येताना भावाला गाडीत सांगितले. तो बराच वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, "पण किमान हमी मिळाली म्हणून कुणीतरी पेरणी केली असेल ना?"

या प्रश्नाला मी आजही पूर्ण उत्तर देऊ शकत नाही. हमीभावासाठी रस्त्यावर उतरणाऱ्या घरातील माणसाने खेळ घडविणाऱ्याच्या हमीला नावे ठेवणे शोभत नाही. एपिकचे प्रमुख टिम स्वीनी यांनी २०१९ च्या एप्रिलमध्ये सांगितले होते, की स्टीमने सर्वांना कायमचा शेकडा ८८ वाटा द्यावा, आम्ही हे मक्ते आवरते घेऊ. स्टीमने तसे केले नाही.

आणि मग ज्या वर्षी सारे जग घरात कोंडले गेले, त्या २०२० मध्ये हा प्रश्न पुण्यालाच आला. पुण्याच्या नॉडिंग हेड्‌स गेम्स या छोट्या मंडळीने राजी हा खेळ घडविला होता. त्यासाठी २०१७ मध्ये मांडलेली किकस्टार्टरवरील लोकवर्गणी अपुरी पडली होती, तरी ते मागे हटले नव्हते. दैत्यांनी पळविलेल्या गोलू नावाच्या भावाला शोधीत निघालेली मुलगी, तिच्या हाती दुर्गेने दिलेले शस्त्र, आणि कथेतील पुराणप्रसंग छायाबाहुल्यांच्या खेळासारखे पडद्यावर सरकणारे. हा खेळ १८ ऑगस्ट २०२० रोजी प्रकाशित झाला तो काही काळापुरता केवळ निन्टेन्डो स्विच या यंत्रावर, आणि निन्टेन्डो ते यंत्र भारतात अधिकृतपणे विकत नव्हती. पुण्यात घडलेला खेळ युरोपात, अमेरिकेत लोक खेळत होते, आणि पुण्याहून शंभर किलोमीटरच्या आत बसलेले आम्ही त्याची चित्रे पाहत होतो. एपिकवरून माझ्याशी वर्षभर भांडलेला भाऊ त्या दिवशी प्रथम म्हणाला, "दादा, हे बरोबर नाही." तरीसुद्धा, त्या मंडळीने तो करार केला नसता तर खेळ जगाच्या नजरेस तितका आला असता का, हे मी त्याला विचारले, आणि या वेळी गप्प राहण्याची पाळी दोघांची होती.

१५ ऑक्टोबरला राजी संगणकावर आला. त्या आठवड्यात पुणे जिल्ह्यावर पावसाने कहर केला होता. वीज येई, जाई, आणि मोबाइलच्या जोडणीवर खेळ थेंबाथेंबाने उतरत होता. तिसऱ्या दिवशी रात्री तो चालू झाला. आजी झोप लागत नाही म्हणून खोलीत येऊन बसली होती. तिने आमचे खेळ आजवर गोळीबाराचे म्हणून कधी पाहिले नव्हते, पण पडद्यावर दुर्गा दिसली तशी ती गोणीवरून उठली, पुढे आली, आणि हात जोडून भावाला म्हणाली, "आवाज मोठा कर." पुरस्कारांच्या यादीत वर्षअखेर राजीचे नाव द गेम अवॉर्ड्‌समध्ये पदार्पणातील सर्वोत्तम खेळासाठी नामांकित झाले, पण आमच्या घरी त्याचा निकाल त्याच रात्री लागला होता.

त्यानंतरचा इतिहास थोडक्यात आटोपतो. मक्त्यांचा जोर ओसरला. इलेक्ट्रॉनिक आर्ट्‌स २०१९ अखेर स्टीमवर परतले होते, २०२२ मध्ये युबिसॉफ्टही परतले. मेट्रो एक्सोडसने आपले वर्ष भरून तेथे कधीच मुक्काम केला होता. एपिकने २०२५ च्या जूनपासून प्रत्येक खेळाच्या वार्षिक पहिल्या १० लाख डॉलरांवर आडतच घ्यावयाची नाही असे ठरविले, आणि दोन एकरवाल्याच्या दृष्टीने साऱ्या भांडणातून निघालेले हेच खरे पीक होय.

मात्र चुलत्यांचा २००९ मधील प्रश्न राहूनच गेला होता. ३१ मार्च २०२४ रोजी युबिसॉफ्टने द क्रू या खेळाचे सर्व्हर बंद केले आणि नऊ वर्षांपूर्वी निघालेला, लोकांनी दाम मोजून घेतलेला तो खेळ कोणालाच चालविता येईना. त्याच वर्षी ऑक्टोबरात स्टीमवर पैसे भरण्याच्या पानावर एक ओळ दिसू लागली: आपण खेळ नव्हे, तर खेळ वापरण्याचा परवाना घेत आहात. कॅलिफोर्नियात कायदा झाला म्हणून ती ओळ आली. भावाने ती मला दाखविली तेव्हा चुलते मागे खाटेवर बसून होते. त्यांना अर्थ सांगितला. "म्हणजे खंडाने," ते म्हणाले, "आणि खंड एकदाच भरून मुदत लिहिलेली नाही. असा कागद मी केला नसता."

त्या दिवाळीत भावाने एक हार्ड डिस्क आणली. जीओजीवरून घेतलेले, कुलूप नसलेले जे काही खेळ त्याच्याकडे होते, ते त्याने एकेक करून तिच्यावर उतरविले. कोणता खेळ, कोणत्या दिवशी, किती रुपयांना, याची यादी वहीच्या कागदावर लिहून ती घडी डिस्कभोवती गुंडाळली आणि वर रबर लावले. मग पलंगाखालची पत्र्याची पेटी ओढून, तिच्यात कालव्याखालच्या रानाचे खरेदीखत, फेरफाराच्या नकला आणि आजोबांच्या सहीच्या पावत्या ज्या मेणकापडात आहेत ते उलगडून, चुलत्यांनी आपल्या हाताने ती डिस्क त्यांच्या शेजारी ठेवली.