दगडावरचं पंचांग
गोव्यात छापखाना १५५६ मध्येच आला. पण देवनागरीचे खिळे नव्हते, म्हणून फादर स्टीफन्सचं मराठी 'क्रिस्तपुराण' १६१६ साली रोमन लिपीत छापलं गेलं. जोडाक्षरं, काना-मात्रा, वेलांट्या धरून शेकडो खिळे ओतायचे म्हणजे खर्चाचं काम. शिळाछापाने ती कटकटच टाळली. चुनखडीच्या घोटलेल्या दगडावर तेलकट शाईने मजकूर उतरवायचा, दगड ओला करायचा. मग छपाईची शाई फक्त अक्षरांनाच धरते. लेखनिकाचं वळण जसंच्या तसं कागदावर! गणपत कृष्णाजींनी १८३१ मध्ये मुंबईत असंच मराठी पंचांग छापलं. शाईत चरबी असते म्हणून सोवळ्यातली मंडळी छापील पोथीला शिवेनात, तेव्हा गणपत कृष्णाजींनी तुपाची शाई केली म्हणतात. पुढे टाइपही स्वतःच पाडले.