सातारा-सांगलीत ॲक्झोलॉटल: आधी थंड पाणी, मग प्राणी

ॲक्झोलॉटल हा मेक्सिकोतल्या शोचिमिल्को आणि चाल्को सरोवरांचा उभयचर. बेडकाचे पिल्लू कल्ले टाकून जमिनीवर येते. हा प्राणी मात्र डोक्यामागचे झुपकेदार कल्ले आयुष्यभर बाळगतो, पाण्यातच वयात येतो आणि तिथेच अंडी घालतो. पूर्ण वाढ साधारण २३ ते २५ सेंटिमीटर, आयुष्य दहा ते पंधरा वर्षे. १८६४ मध्ये काही जिवंत ॲक्झोलॉटल पॅरिसला नेण्यात आले. पुढे जगभरच्या प्रयोगशाळांत आणि घरांत पसरलेल्या वंशाचा मोठा भाग त्यांच्यापासून आला. मूळ सरोवराची स्थिती मात्र वाईट आहे: शोचिमिल्कोत १९९८ च्या पाहणीत दर चौरस किलोमीटरला सुमारे ६,००० ॲक्झोलॉटल होते, ते २०१४ च्या सुमारास ३६ वर आले.

शोचिमिल्को समुद्रसपाटीपासून सुमारे २,२४० मीटर उंचीवर आहे. सातारा ७०० मीटरच्या आसपास, सांगली सुमारे ५५० मीटर. पाळण्यातली खरी अडचण या फरकात आहे. ॲक्झोलॉटलला १६ ते १८ अंश सेल्सिअसचे पाणी मानवते. २२ च्या वर तो ताणाखाली येतो, खाणे सोडतो, कल्ल्यांवर बुरशी धरते. २४ च्या वर पाणी राहिले तर जिवावर बेतते. सांगलीत एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीकडे झुकतो आणि घरातल्या टाकीचे पाणीही तिशीच्या आसपास असते. पाण्यावर पंखा सोडला तर बाष्पीभवनाने दोन-तीन अंश उतरतात, पण ते कोरड्या हवेत. पावसाळ्यात हा उपाय जवळजवळ निकामी ठरतो. बर्फाच्या बाटल्या टाकल्या की तापमान वर-खाली होत राहते, आणि हे चढउतार प्राण्याला उष्णतेइतकेच नडतात. म्हणून या दोन जिल्ह्यांच्या सपाटीवर पाणी थंड ठेवणारे यंत्र, म्हणजे चिलर, परवडत नसेल, तर हा प्राणी आणूच नये. चिलर निवडताना केवळ टाकीचे लिटर पाहून चालत नाही. खोलीचे मे महिन्यातले तापमान आणि १८ अंश यांतला फरक तो भरून काढू शकतो का, हे विचारून घ्यावे. टाकीच्या तळाखाली आणि तीन बाजूंना थर्माकोल लावला तर वीज गेल्यावर पाणी सावकाश तापते. हवेचा पंप इन्व्हर्टरवर असावा.

टाकीला खोलीपेक्षा तळाची जागा महत्त्वाची, कारण हा प्राणी तळावर चालतो. तीन फूट लांब, दीड फूट रुंद आणि सव्वा फूट उंच काचेची टाकी एकासाठी ऐसपैस होते. त्यात फूटभर पाणी भरले तर सुमारे १२७ लिटर होते; काचेसह वजन दीडशे किलोच्या घरात जाते, तेव्हा स्टँड भक्कम हवा. ॲक्झोलॉटल उडी मारतो, म्हणून जाळीचे झाकण लागते. तळाला बारीक चाळलेली, अनेक पाण्यांनी धुतलेली वाळू घालावी. रंगीत खडे कधीही नकोत: हा प्राणी तोंड उघडून भक्ष्य पाण्यासकट ओढतो, खडा पोटात गेला की आतडे अडते. डोळ्यांना पापण्या नसल्याने तीव्र दिवा त्रासाचा ठरतो. आडवी ठेवलेली मातीची कुंडी लपायला पुरते. गाळणीसाठी स्पंजचा फिल्टर उत्तम. पाण्याला ओढ जास्त असेल तर कल्ले पुढे वळतात, हे ताणाचे लक्षण.

पाण्याची तयारी प्राणी येण्याच्या चार ते आठ आठवडे आधी सुरू होते. विष्ठेतून आणि कल्ल्यांतून बाहेर पडणारा अमोनिया विषारी असतो. फिल्टरमध्ये वाढणारे जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग बरेच कमी घातक नायट्रेट करतात. रिकाम्या टाकीत थोडा अमोनिया घालून हे जिवाणू वाढवतात. ते उबदार पाण्यात लवकर वाढतात. म्हणून इथला उन्हाळा या एका कामाला उपयोगी आहे आणि चिलर नंतर सुरू करता येतो. दोन पीपीएम अमोनिया चोवीस तासांत शून्यावर आला आणि नायट्राइटही शून्य दिसले, की टाकी तयार झाली. नंतर आठवड्याला पाव पाणी बदलावे.

ॲक्झोलॉटलला काहीसे जड पाणी चालते, सामू ७.४ ते ७.६ उत्तम. सातारा शहराला कास तलावाचेही पाणी येते. जांभ्या कातळावर साचलेल्या पावसाच्या पाण्यात क्षार कमी असणे साहजिक आहे. सांगलीच्या पूर्वेकडील तालुक्यांतले बोअरचे पाणी मात्र बऱ्याच ठिकाणी फार जड असते. म्हणून मोजल्याशिवाय पाणी भरू नये. आरओचे पाणी शुद्ध म्हणून वापरणे चूक, त्यात क्षार जवळजवळ नसतात. नळाच्या पाण्यातले क्लोरीन औषधाने काढून मगच ते टाकीत घालावे. पुराच्या दिवसांत पाणीपुरवठ्यात क्लोरीनचे प्रमाण वाढवले जाते, तेव्हा विशेष काळजी लागते.

मुख्य अन्न गांडूळ. या भागात गांडूळखत करणारे शेतकरी भरपूर आहेत, पण खतातल्या लाल गांडुळाच्या अंगातून कडवट द्रव सुटतो आणि ॲक्झोलॉटल ते अनेकदा थुंकून टाकतो. मोठ्या आफ्रिकन जातीचे गांडूळ तो आवडीने खातो. द्राक्षबागेतले किंवा फवारणी झालेल्या शेतातले गांडूळ टाळावे. प्रौढाला दोन-तीन दिवसांतून एकदा पुरते, पिल्लांना रोज लागते. लहान वयाचे दोघे एकत्र ठेवले तर एकमेकांचे पाय तोडतात. पाय पुन्हा उगवतात हे खरे, पण त्यासाठी जखम होऊ देणे योग्य नाही.

ॲक्झोलॉटल वन्यजीव व्यापाराबाबतच्या साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ मध्ये झालेली दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. त्यानुसार अशा प्राण्याची केंद्र सरकारच्या परिवेश संकेतस्थळावर नोंदणी करावी लागते. पिल्ले झाली, प्राणी दुसऱ्याला दिला किंवा मेला, तरी कळवावे लागते. घेताना कायदेशीर कागद मागावेत.

नको झालेला प्राणी कृष्णेत किंवा तळ्यात सोडणे हा अपराध मानावा. आपल्याच सह्याद्रीत १९६३ मध्ये नोंदला गेलेला कोयना भेक आहे, २००४ मध्ये कोयनेजवळच्या हुंबर्ली परिसरातून नोंदलेला देवगांडूळ हा बिनपायांचा उभयचर आहे. परदेशी उभयचर सोबत कायट्रिड बुरशी आणू शकतात, आणि तिने जगभर बेडकांच्या जाती संपवल्या आहेत. टाकीतून काढलेले पाणीही ओढ्यात ओतू नये. ब्लीचिंग पावडर मिसळून काही तास ठेवावे आणि मग सांडपाण्याच्या गटारात सोडावे. जाळ्या आणि बादल्या टाकीसाठी वेगळ्या ठेवाव्यात. नदीवर नेलेली जाळी या टाकीत आणि टाकीतली जाळी नदीवर जाऊ नये.